वसंतकालीन उत्तेजक आहार (मधमाश्यांचा)

फुलोऱ्याचा मुख्य हंगाम सुरू होईपर्यंत वसाहतीतील कामकरी माश्यांची संख्या वाढावी, या हेतूने मधमाश्यांना बाहेरून दिलेला पातळ साखरेचा पाक, पराग किंवा परागाऐवजी वापरायचा प्रथिनयुक्त आहार. वसाहत उपासमारीने मरू नये म्हणून दिला जाणारा निर्वाहापुरता आहार याहून वेगळा मानतात. प्रत्यक्षात दोहोंची सरमिसळ होते, आणि जुन्या लेखनातील आहार कोणत्या हेतूने दिलेला होता, हे पुष्कळदा ठरवता येत नाही. पुढील विवेचन मुख्यतः समशीतोष्ण प्रदेशात पाळल्या जाणाऱ्या युरोपीय मधमाशीविषयी (एपिस मेलिफेरा) आहे.

इतिहास : माश्यांना खाऊ घालण्याची प्रथा प्राचीन आहे. रोमन लेखक व्हॅरो याने आपल्या कृषिग्रंथात (सुमारे इ. स. पू. ३७) पाण्यात शिजवलेल्या अंजिरांचे गोळे पोळ्यांजवळ ठेवण्यास सांगितले आहे. मध घातलेले पाणी ठेवायचे असल्यास त्यात स्वच्छ लोकर टाकावी, म्हणजे माश्या ती चोखून पाणी घेतील, अधाशीपणे पिणार नाहीत आणि बुडणारही नाहीत, असा बारकावाही तो देतो. इ. स. पहिल्या शतकातील कॉल्युमेला यानेही अंजिरांचा उल्लेख केला आहे. काही लेखक उत्तेजक आहाराचा उगम येथे शोधतात. परंतु माश्यांवर केवळ मधावर जगण्याची किंवा रिकामे पोळे सोडून जाण्याची वेळ येऊ नये, एवढाच व्हॅरोचा हेतू त्याच्या मजकुरातून दिसतो. हंगामाआधी पिलावा (अंडी, अळ्या व कोश) वाढवण्याची कल्पना त्यात नाही. त्यामुळे हा उगम बराच अलीकडचा मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ही कल्पना रुजण्यास दोन गोष्टी आवश्यक होत्या : स्वस्त साखर आणि चौकटी काढून पिलावा पाहता येईल अशी पेटी. लोरेंझो लँगस्ट्रॉथ यांच्या चल-चौकटीच्या पेटीला १८५२ मध्ये एकस्व (पेटंट) मिळाले. साखर युरोप-अमेरिकेत सर्वसामान्यांच्या आवाक्यात आली तीही स्थूलमानाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. परागाच्या पर्यायाची सुरुवात बहुधा सायलेशियातील मधमाशीपालक यान जेर्झोन यांच्या निरीक्षणापासून धरतात. वसंताच्या आरंभी, फुलांचा पराग मिळू लागण्यापूर्वी, आपल्या माश्या जवळच्या गिरणीतून राय धान्याचे पीठ गोळा करून आणतात, असे त्यांना आढळले. लँगस्ट्रॉथ यांनी ते नोंदवले आहे. म्हणजे हा पर्याय प्रथम माश्यांनीच शोधला, जेर्झोन यांनी तो ओळखला. विसाव्या शतकात मिकोला हायडाक यांनी अमेरिकेतील मिनेसोटा येथे सोयाबीनचे पीठ, मद्यनिर्मितीतील यीस्ट आणि साय काढलेल्या दुधाची भुकटी यांच्या मिश्रणांवर दीर्घकाळ संशोधन केले. आजचे बहुतेक पर्यायी आहार त्याच धाटणीचे आहेत.

जीवशास्त्रीय आधार : हिवाळा काढणाऱ्या कामकरी माश्या कित्येक महिने जगतात. त्यांच्या मेदपिंडात व्हायटेलोजेनिन या प्रथिनाचा साठा असतो. वर्षाच्या आरंभीचा पहिला पिलावा बऱ्याच अंशी या साठ्यावर पोसला जातो. दाई माश्या डोक्यातील अधोग्रसनी ग्रंथींतून स्रवणारे अन्न अळ्यांना भरवतात, आणि या ग्रंथी भरण्यासाठी पराग लागतो. एक कामकरी अळी वाढवण्यास सुमारे २५ ते ३७ मिग्रॅ. प्रथिन लागते. ते साधारण १२५ ते १८५ मिग्रॅ. परागातून मिळते. या हिशेबाने दहा हजार माश्या तयार होण्यास सव्वा ते पावणेदोन किग्रॅ.हून अधिक पराग खर्ची पडतो. पिलावा सुरू होताच पोळ्याचा मध्यभाग ३४ ते ३५° से. वर राखावा लागतो आणि मधाचा खप एकदम वाढतो. म्हणूनच वसाहती ऐन थंडीपेक्षा वसंताच्या तोंडावर अधिक संख्येने उपाशी मरतात.

कामकरी माशी अंड्यापासून २१ दिवसांत बाहेर पडते आणि साधारणतः आणखी तीन आठवडे पेटीतील कामे करून मग मकरंदासाठी जाऊ लागते. म्हणजे आज घातलेल्या अंड्याचा मध गोळा करण्यासाठी उपयोग सुमारे सहा आठवड्यांनी होतो. उत्तेजक आहार मुख्य फुलोऱ्याच्या सहा ते आठ आठवडे आधी सुरू करण्याचा प्रघात यावरून पडला आहे. फार लवकर सुरू केल्यास माश्या हंगामाआधीच म्हाताऱ्या होतात, उशिरा केल्यास नव्या माश्या फुलोरा ओसरताना बाहेर पडतात आणि साठवलेला मधच खातात. मोठी वसाहत एवढ्या खटाटोपाने हवी असण्याचे कारण अमेरिकन मधमाशी-संशोधक सी. एल. फरार यांनी १९३७ मध्ये मांडले : वसाहत जितकी मोठी, तितका दर माशीमागे साठणारा मधही अधिक.

पाक की पराग : या विषयातील मुख्य वाद हाच आहे. पारंपरिक मतानुसार समभाग साखर व पाण्याचा पाक थोडा थोडा, रोज किंवा दिवसाआड दिल्याने मकरंदाची आवक सुरू झाल्याचा परिणाम साधतो आणि राणी अंडी घालण्याचा वेग वाढवते. दुसऱ्या मतानुसार पेटीत पुरेसा मध असल्यास पाकाने पिलाव्यात फारशी भर पडत नाही, खरी मर्यादा प्रथिनांची असते. साखरेत प्रथिन मुळीच नसल्याने दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. पराग भरपूर येत असून मध संपत आलेल्या वसाहतीला मात्र पाकाचा निश्चित उपयोग होतो.

प्रथिनयुक्त आहाराचेही फलित हवामानावर अवलंबून असते. हीदर मॅटिला व गार्ड ओटिस यांनी कॅनडात २००२ ते २००४ या काळात केलेल्या प्रयोगांत पराग वा पर्यायी आहार मिळालेल्या वसाहतींनी तिन्ही वर्षी पिलावा लवकर सुरू केला आणि एप्रिलअखेर ते मेच्या आरंभापर्यंत सर्वाधिक कामकरी माश्या तयार केल्या. २००२ मध्ये परागपुरवठा झालेल्या वसाहतींचे मधोत्पादन परागाची टंचाई ठेवलेल्या वसाहतींच्या दुप्पट झाले. पुढील दोन्ही वर्षी मात्र माश्यांच्या संख्येतील फरक उन्हाळ्याच्या मध्यापर्यंत मिटला आणि मध जवळपास सारखाच मिळाला. खराब हवेमुळे माश्यांना बाहेर पडता येत नाही अशा वसंतात, किंवा परागीभवनासाठी लवकर मोठ्या वसाहती हव्या असतात तेव्हा हा खर्च भरून निघतो, असा याचा अर्थ आहे.

पराग आणि पर्यायी आहार यांतील एक महत्त्वाचा फरक स्टेरॉलांचा (वाढीला आवश्यक अशा मेदवर्गीय द्रव्यांचा) आहे. मधमाशीला स्टेरॉले स्वतः तयार करता येत नाहीत. ती परागातूनच मिळतात. २०२५ मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या नेतृत्वाखालील गटाने यारोविया लिपोलिटिका या यीस्टमध्ये जनुकीय फेरबदल करून माश्यांना लागणारी सहा स्टेरॉले तयार करवली. बंदिस्त काचघरातील चाचण्यांत या यीस्टवर पोसलेल्या वसाहतींत कोशावस्थेपर्यंत पोहोचणाऱ्या अळ्यांची संख्या पंधरा पटींपर्यंत अधिक आढळली.

आहार देण्याची रीत : गरज आहे की नाही, हे पिलाव्याची चौकट उजेडाकडे धरून पाहिल्यास कळते. सुस्थितीतील वसाहतीत कोवळ्या अळ्या पांढऱ्या दुधाळ अन्नात पोहत असतात आणि पिलाव्याभोवती पराग भरलेल्या कोठड्यांची रंगीत कड असते. प्रथिनांची टंचाई असल्यास अळ्या कोठडीच्या तळाशी कोरड्या पडलेल्या दिसतात, पिलावा विरळ होतो. माश्या कोवळ्या अळ्या खाऊनही टाकतात.

प्रथिनयुक्त आहार पाकात मळून त्याच्या चपट्या वड्या चौकटींच्या माथ्यावर, माश्यांच्या झुंबडीच्या अगदी वर ठेवतात. थंडीत माश्या झुंबड सोडून लांब जात नाहीत, त्यामुळे पेटीच्या कडेला ठेवलेली वडी तशीच राहते. तापमान सुमारे १०° से. खाली असल्यास माश्या पाक घेत नाहीत. अशा वेळी कोरडी साखर किंवा साखरेचा घट्ट गोळा द्यावा. पाक देण्यासाठी चौकटीच्या जागी बसणारे, पेटीच्या माथ्यावरचे व उपडे ठेवण्याचे अशी पात्रे आहेत. उघड्या पात्रात तरंगती काडी वा लाकूड हवे. व्हॅरोच्या लोकरीचे काम तेच होते.

धोके : शुद्ध पांढऱ्या साखरेखेरीज गूळ, काकवी किंवा तपकिरी साखर देऊ नये, त्यांतील न पचणाऱ्या द्रव्यांमुळे माश्यांना हगवण लागते. आम्लात उकळलेल्या किंवा फार तापवलेल्या पाकात हायड्रॉक्सिमिथिलफरफ्युराल हे विषारी द्रव्य वाढते. अनोळखी ठिकाणचा मध कधीच खाऊ घालू नये, कारण अमेरिकन फाउल ब्रूड या रोगाचे बीजाणू दशकानुदशके जिवंत राहतात. परागातूनही रोग पसरतो, म्हणून विकतचा पराग किरणोत्साराने निर्जंतुक केलेला असावा. पाक सांडल्यास इतर वसाहतींच्या माश्या लूटमार करतात. तो संध्याकाळी देऊन पेटीचे दार अरुंद करतात. आहार सुरू केल्यावर मध्येच थांबवणे विशेष घातक असते, कारण वाढलेल्या पिलाव्याला पोसण्याइतके अन्न बाहेर नसते. वसाहत वाढली आणि जागा अपुरी पडली, तर तिच्यातून थवा बाहेर पडून सारा लाभ हातचा जातो. मध काढायच्या कोठ्या चढवण्यापूर्वी पाक बंद करावा, नाहीतर मधात साखरेची भेसळ होते.

आशियाई मधमाशीच्या (एपिस सेराना) वसाहती लहान असतात. अन्नटंचाईत त्या पेटी सोडून जातात, त्यामुळे तेथे आहाराचा मुख्य हेतू संख्यावाढीपेक्षा वसाहत टिकवून धरणे हा असतो. आग्या व फुलोरी माश्या पेटीत पाळल्या जात नसल्याने त्यांच्याबाबत हा प्रश्न उद्भवत नाही.