पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर घरी आल्यावर

(रुग्ण आणि घरच्यांसाठी माहिती)

पिट्युटरी, म्हणजे पीयूषिका ग्रंथी, मेंदूच्या तळाशी असते आणि जेमतेम वाटाण्याएवढी असते. तिथल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात आणि ऑपरेशन बहुधा नाकातून, दुर्बिणीने होतं. बाहेरून टाके दिसत नाहीत, रुग्ण थोड्याच दिवसांत घरी येतो, म्हणून सगळ्यांना वाटतं की आता झालं. अशा रुग्णांची घरी येऊन देखभाल करणं हे आमचं काम, आणि रुग्णाची खरी कुचंबणा याच समजुतीमुळे होते, असं आम्हांला वाटतं. गाठ निघाली तरी बरं वाटायला काही आठवडे लागतात, कधी कित्येक महिने.

सुरुवातीला नाक चोंदतं, खपल्या धरतात, वास येत नाही. डॉक्टर सांगेपर्यंत नाक शिंकरू नका, शिंक आली तर तोंड उघडं ठेवा, जड उचलू नका, शौचाला जोर लावू नका. पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ काही ठिबकलं किंवा घशात खारट लागलं, तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. ताप, तीव्र डोकेदुखी, मान आखडणं यांतलं काहीही झालं तरी लगेच हॉस्पिटल गाठा.

पहिले दोन आठवडे पाण्याचा हिशेब ठेवा. काहींना सारखी लघवी आणि न भागणारी तहान लागते. यावर औषध आहे. काहींचं याउलट होतं. साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसादरम्यान रक्तातलं सोडियम उतरतं. मळमळ, डोकेदुखी, असंबद्ध बोलणं सुरू होतं. अशा वेळी मायेने 'भरपूर पाणी पी' म्हणणं घातक ठरतं. किती प्यायचं, ते डॉक्टरांनाच विचारा.

स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या स्वतःहून कधीही बंद करू नका. शरीर स्वतःचं कॉर्टिसॉल (आजारपण, ताण पेलायला लागणारं हार्मोन) पुरेसं बनवत नसेल, तर त्या गोळ्यांवर जीव अवलंबून असतो. तापात डोस बहुधा वाढवावा लागतो. तो किती, हे आधीच लिहून घ्या. उलटीमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं. 'मी स्टिरॉइडवर आहे' असं कार्ड कायम खिशात असू द्या.

आता थकव्याबद्दल. रिपोर्ट चांगला आहे, मग हा माणूस दिवसभर पडून का, असं घरात विचारलं जातं. कुशिंगच्या, म्हणजे गाठीमुळे कॉर्टिसॉल फार वाढलेल्या रुग्णाचं शरीर त्या जास्तीच्या कॉर्टिसॉलला सरावलेलं असतं. ते अचानक कमी झालं की सांधे दुखतात, मन खचतं, आणि हे वर्षभरही चालू शकतं. खरं तर ऑपरेशन यशस्वी झाल्याचीच ती खूण असते, पण रुग्णाला ते आधी कोणी सांगितलेलं नसतं. ॲक्रोमेगलीत, म्हणजे वाढीचं हार्मोन जास्त झाल्याने हात, पाय, चेहरा मोठा होण्याच्या आजारात, सूज लवकर ओसरते, पण हाडांतले बदल आणि सांधेदुखी मागे राहते. थायरॉइड किंवा लैंगिक हार्मोन कमी पडली तरी थकवा येतो, पाळी थांबते, इच्छा मंदावते. संकोच न करता डॉक्टरांना सांगा, कारण यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. रुग्णाला आळशी म्हणू नका, एवढी कळकळीची विनंती.

दृष्टी गाठीच्या दाबामुळे कमी झाली असेल तर बऱ्याचदा काही दिवसांतच सुधारू लागते, आणि पुढे काही महिने सुधारत राहते. नजर अचानक घटली तर मात्र थांबू नका.

आमची परिचारिका पाणी-लघवीची नोंद ठेवायला आणि इंजेक्शन द्यायला घरच्यांना शिकवते. औषधांचे डोस मात्र आम्ही बदलत नाही; ते तुमचे एंडोक्रायनॉलॉजिस्टच (हार्मोनचे डॉक्टर) ठरवतील.