उजनी फुगवट्यातील होडीफेरी

सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात भीमा नदीवर बांधलेल्या उजनी धरणाच्या जलाशयात, म्हणजे यशवंतसागरात, लहान होडीतून केलेली भ्रमंती. धरण 1980 मध्ये पूर्ण झाले. त्याचा फुगवटा सोलापूर, पुणे आणि अहिल्यानगर या तीन जिल्ह्यांत पसरला आहे.

कोकणातल्या खाडीत पाणी दिवसातून दोनदा चढते-उतरते, उजनीत वर्षातून एकदा. चढ येतो तोही बाहेरून. करमाळा-माढ्याकडे ढग नुसते फिरत असले, तरी भीमाशंकर-मावळच्या डोंगरात पाऊस लागला की भीमा, मुळा-मुठा आणि घोड यांचे पाणी दौंडवरून खाली येते. सुमारे 117 टीएमसी (अब्ज घनफूट) साठ्यापैकी जवळपास 63 टीएमसी मृतसाठा आहे, म्हणजे एरवी वापरासाठी न सोडता तळाशी राहणारे पाणी. त्यामुळे धरण ‘उणे’, म्हणजे मृतसाठ्याच्या पातळीखाली, गेल्याची बातमी आली, तरी होडी चालण्याइतके पाणी उरते.

ही उतरती कळाच पाहण्यासारखी. दिवाळीनंतर काठ मागे सरकू लागतो. उघड्या पडलेल्या ओल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. उथळ चिखलात रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, चोच उलटी घालून अन्न गाळतात; चित्रबलाक आणि थंडीत पट्टकदंब हंसही दिसतात. भिगवणजवळच्या कुंभारगावात मच्छीमारच होडीतून पक्षी दाखवतात. पक्षी नेमके कुठे उतरलेत, हे त्यांच्याइतके कोणी जाणत नाही. थवा उडेल इतकी होडी जवळ नेण्याचा हट्ट मात्र पाहुण्यांनी धरू नये. पाणी फारच खाली गेले, की इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे बुडालेले पळसनाथ मंदिर वर येते. बुडालेल्या गावांच्या भिंती, चिलापी-कटल्यासाठी लावलेली जाळी आणि जलपर्णी यांतून वाट काढताना नावाड्याची पाण्याखालच्या गावाची ओळख कामी येते.

करमाळ्याकडील गावांना होडी हौसेची नाही. कुगावहून समोरच्या कळाशीला रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो, म्हणून माणसे दुचाकीसकट पाण्यातून जातात. 21 मे 2024 रोजी याच मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. वैशाखात दुपारनंतर वळवाचा वारा अचानक सुटतो, आणि एवढ्या उघड्या पाण्यात त्याला आडोसा नसतो. त्या दिवसांत होडी सकाळीच काढावी, लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर असावे आणि नावाडी नको म्हणाला तर भाडे वाढवून त्याला गळ घालू नये.