सिम्युलेटरमधलं उड्डाण आणि अडखळणारा रीप्ले : पार्श्वभूमी

लँडिंग झालं की शेवटचे काही क्षण पुन्हा पाहायची सोय, म्हणजे रीप्ले, संगणकावर विमान उडवायच्या सिम्युलेटरमध्ये नव्वदच्या दशकातच होती. त्यावरून नीटनेटका व्हिडिओ काढून लोकांना दाखवायची हौस बरीच नंतरची.

खरा गुंता २००६ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटर एक्सपासून सुरू होतो. हा सिम्युलेटर बहुतेक भार प्रोसेसरच्या एकाच कोअरवर, म्हणजे त्यातल्या एकाच गणनविभागावर टाकायचा. २००७ च्या पहिल्या सर्व्हिस पॅकने (सुधारणांच्या संचाने) थोडं काम इतर कोअरकडे दिलं, तरी मोठ्या शहराजवळ उतरताना फ्रेम, म्हणजे पडद्यावरची एकेक चित्रं, गळायच्याच. त्यात फ्रॅप्स हा स्क्रीन टिपणारा प्रोग्राम चालू केला की आधीच दमलेलं मशीन आणखी दमायचं आणि फाइल बघता बघता कित्येक जीबींची व्हायची. म्हणून जाणत्यांनी एक रीत पाडली: उडताना स्क्रीन टिपायचीच नाही. फक्त विमानाची स्थिती नोंदवायची आणि व्हिडिओ मागाहून, रीप्ले संथ चालवून काढायचा. एडिटिंगमध्ये वेग पूर्ववत करायचा.

२०१२ च्या सुमारास ग्राफिक्स कार्डांतच व्हिडिओ एन्कोडर (चित्रं दाबून व्हिडिओ फाइल बनवणारे भाग) आले आणि टिपण्याचा भार जवळपास संपला. रीप्लेतले धक्के मात्र राहिले, कारण ते विमानाच्या नोंदीतच होते. ही नोंद म्हणजे अक्षांश, रेखांश, उंची आणि पिच (नाक वर-खाली), बँक (पंखांचा कल), हेडिंग (नाकाची दिशा) हे तीन कोन. १४० नॉट वेगाने विमान सेकंदाला सुमारे ७२ मीटर जातं. सेकंदाला चार नोंदी धरल्या तर दोन नोंदींमध्ये १८ मीटर, आणि सेकंदाला ६० फ्रेमच्या व्हिडिओत १५ फ्रेम. ही फट हिशेबाने भरावी लागते. सरळ रेषेने भरली तर प्रत्येक नोंदीवर विमान किंचित मोडल्यासारखं वळतं. वक्ररेषेने भरली तर हवेत ते सुरेख दिसतं, पण टचडाउनला, म्हणजे चाकं टेकतात त्या क्षणी, वक्र जरा खाली झुकतो आणि चाकं धावपट्टीत रुततात. हेडिंगची गंमत वेगळीच: ३५९ अंशांवरून १ अंशावर जाताना जवळची वाट धरायचं प्रोग्रामला सांगितलं नसेल, तर विमान उलटं फिरून जवळजवळ पूर्ण गिरकी घेतं. शिवाय नोंदी फ्रेमच्या तालावर घेतल्या आणि प्रत्येकीवर नेमकी वेळ नोंदवली नाही, तर उडतानाची अडखळ रीप्लेत जशीच्या तशी उतरते.

ऑगस्ट २०२० मध्ये नवा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आला तोच रीप्लेविना. उपग्रहचित्रांवरून उभं केलेलं अख्खं जग दिलं, पण आपलं लँडिंग पुन्हा पाहायची सोय नाही! हे काम सोपं नव्हतं, असं कुणी म्हणेल. हवामान थेट येतं, दृश्यं इंटरनेटवरून उतरतात, मग जुनं उड्डाण जसंच्या तसं उभं कसं करणार? युक्तिवादात तथ्य आहे, पण तो अर्धाच आहे. ढग वेगळे दिसले तर कुणाची तक्रार नव्हती. लोकांना विमानाची वाट हवी होती, आणि ती तर चार-सहा आकड्यांत मावते. पुढे हे साधन आलं तेही डेव्हलपर मोडच्या (प्रोग्राम बनवणाऱ्यांसाठीच्या) मेनूत, नवख्याला सापडणार नाही अशा जागी.

मधली पोकळी बाहेरच्या साधनांनी भरली, त्यांत स्काय डॉलीसारखं मोफत आणि मुक्तस्रोतही होतं. ती विमानाची माहिती सिमकनेक्टमधून, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रामना सिम्युलेटरशी जोडणाऱ्या दुव्यातून घेतात आणि त्याच वाटेने परत पुरवतात. रीप्लेच्या वेळी सिम्युलेटरचं स्वतःचं उड्डाणगणित गोठवावं लागतं. नाहीतर नोंद विमानाला एकीकडे ठेवते, गणित दुसरीकडे ओढतं आणि पंख थरथरत राहतात. ते जमलं तरी पाठलाग करणारा कॅमेरा उरतोच. तो विमानाहून एका फ्रेमने जरी मागे राहिला, तरी विमान गुळगुळीत उडत असूनही चौकटीत हिसके दिसतात. म्हणून बरेच जण विमानाला चिकटलेला कॅमेरा टाळतात आणि धावपट्टीच्या कडेला स्थिर कॅमेरा लावतात.