बोट्युलिनम टॉक्सिन आणि दीर्घकालीन वेदना

बोट्युलिनम टॉक्सिन हे क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जीवाणूने तयार केलेले प्रथिनरूपी विष आहे. आजवर माहीत असलेल्या विषांमध्ये ते सर्वांत जहाल मानले जाते. तरीही अतिसूक्ष्म मात्रेत, नेमक्या जागी टोचले तर काही प्रकारच्या चिवट वेदना ते कमी करते. ‘बोटॉक्स’ हे त्यापासून बनवलेल्या एका औषधाचे व्यापारी नाव. सुरकुत्या घालवण्याशी हे नाव इतके जोडले गेले आहे, की डोकेदुखीवर डॉक्टरांनी ते सुचवले तर घरच्यांना आधी शंकाच येते. वास्तविक अमेरिकेत सुरकुत्यांसाठी मान्यता मिळाली ती २००२ साली. त्याच्या तपाहून अधिक काळ आधी, १९८९ मध्ये, हे औषध तिरळेपणा आणि पापण्या आपोआप घट्ट मिटण्याचा विकार यांसाठी मान्य झाले होते.

या विषाचे पहिले बारकाईचे वर्णन जर्मन डॉक्टर व कवी युस्टिनुस केर्नर यांनी १८२०च्या सुमारास केले. व्युर्टेंबर्ग प्रांतात खराब झालेले सॉसेज खाऊन माणसे लुळी पडत व दगावत. केर्नर यांनी अशा रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, विषारी अर्काचा प्रयोग स्वतःवरही केला, आणि अतिउत्तेजित झालेल्या मज्जासंस्थेवर हेच द्रव्य अल्प मात्रेत औषध ठरू शकेल असे लिहून ठेवले. १८९५ मध्ये बेल्जियममधील एलझेल या गावी अंत्यविधीनंतरच्या जेवणात खारवलेले डुकराचे मांस खाऊन वादकांचा एक ताफा आजारी पडला. त्या प्रकरणाच्या तपासातून एमिल व्हान एर्मेंगेम यांनी जीवाणू वेगळा काढला. केर्नर यांची कल्पना प्रत्यक्षात यायला मात्र दीडशेहून अधिक वर्षे गेली. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ अ‍ॅलन स्कॉट यांनी आधी माकडांवर आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस माणसांवर, तिरळेपणासाठी ते वापरले.

वेदनेचा धागा हाती लागला तो मानेच्या विकारातून. मानेचे स्नायू आपोआप आखडून डोके एका बाजूला वळून राहते, अशा रुग्णांना इंजेक्शन दिल्यावर मान फारशी सरळ झाली नाही तरी दुखणे थांबल्याचे अनेक जण सांगत. स्नायू सैल पडल्यानेच आराम मिळतो, हे स्पष्टीकरण अशा वेळी अपुरे पडते.

चेतातंतूच्या टोकाशी संदेशवाहक रसायने सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात. पिशवी पेशीच्या कडेला चिकटून फुटली की रसायन बाहेर पडते. यासाठी लागणाऱ्या प्रथिनांपैकी स्नॅप-२५ या प्रथिनाला ‘ए’ प्रकारचे (बोटॉक्समधले) टॉक्सिन कापून टाकते. स्नायूकडे जाणाऱ्या तंतूत त्यामुळे अ‍ॅसिटिलकोलीन हे स्नायूला आखडण्याचा संदेश देणारे रसायन अडते आणि स्नायू शिथिल होतो. वेदना वाहून नेणाऱ्या तंतूत सीजीआरपी, सबस्टन्स पी व ग्लुटामेट यांचा स्राव घटतो. हीच रसायने नसांच्या टोकांची संवेदनशीलता वाढवत असल्याने, ती कमी झाली की मेंदूकडे जाणारा वेदनेचा माराही ओसरतो. परिणाम दिसायला काही दिवस ते दोन आठवडे लागतात. तंतू पुन्हा पूर्ववत काम करू लागतात, म्हणून साधारण तीन महिन्यांनी तो विरतो.

वेदनोपचारात या औषधाचा सर्वांत भक्कम आधार आहे तो दीर्घकालीन अर्धशिशीत. महिन्याला १५ किंवा अधिक दिवस डोके दुखते, त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीची लक्षणे असतात, आणि हे ३ महिन्यांहून अधिक काळ चालते, अशा दुखण्याला हे नाव आहे. असे रुग्ण उजेड टाळत, कामावरच्या रजा संपवत आणि पेनकिलरच्या गोळ्या वाढवत जगतात. गोळ्यांच्या अतिवापराने डोकेदुखी आणखी पक्की होते. १९९०च्या दशकात सुरकुत्यांसाठी इंजेक्शन घेणाऱ्या काहींनी डोकेदुखी कमी झाल्याचे सांगितले, आणि कॅलिफोर्नियातील शल्यविशारद विल्यम बाइंडर यांनी त्याचा पाठपुरावा केला. पुढे ‘प्रीएम्प्ट’ नावाच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून १,३८४ रुग्ण सहभागी झाले. सुरुवातीला २८ दिवसांतले सुमारे २० दिवस डोकेदुखीचे होते. २४ आठवड्यांनी औषध घेणाऱ्यांचे असे दिवस ८.४ने आणि नुसते मिठाचे पाणी टोचलेल्यांचे ६.६ने घटले. या आकड्यांकडे दोन्ही बाजूंनी पाहायला हवे. फरक खरा आहे, पण औषधाचा स्वतःचा वाटा सरासरी दोन दिवसांच्याही आत आहे. पहिल्या चाचणीत मूळ ठरवलेल्या निकषावर, म्हणजे डोके उठण्याच्या वेळांच्या संख्येवर, फरक सिद्धही झाला नव्हता. मात्र सरासरीत लपलेले काही रुग्ण असे असतात की त्यांचे निम्मे दिवस मोकळे होतात, आणि त्यांच्यासाठी हा उपचार मोलाचा आहे. ब्रिटन व अमेरिकेत २०१० साली या वापराला मान्यता मिळाली.

इंजेक्शने कपाळ, भुवयांमधली जागा, कानशिले, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांद्याचा वरचा भाग अशा सात स्नायूगटांत ३१ ठिकाणी दिली जातात. प्रत्येक जागी ५ युनिट (या औषधाची मात्रा मोजण्याचे माप), एकूण १५५. गरजेनुसार १९५ पर्यंत. सुई अगदी बारीक असते, भूल लागत नाही, आणि रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. दर १२ आठवड्यांनी हे पुन्हा करावे लागते. खर्च मोठा असल्याने डोकेदुखीची रोजनिशी ठेवणे फार गरजेचे आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत किमान तीन प्रतिबंधक औषधे निष्फळ ठरल्यावरच हे इंजेक्शन मिळते, आणि दोन फेऱ्यांनंतर डोकेदुखीचे दिवस ३० टक्क्यांनीही घटले नाहीत तर ते थांबवतात. हा नियम कुठल्याही देशातल्या रुग्णाने स्वतःसाठी वापरावा इतका समंजस आहे.

अधूनमधून उठणाऱ्या अर्धशिशीत आणि ताणामुळे होणाऱ्या डोकेदुखीत याचा उपयोग दिसलेला नाही. नागिणीनंतर राहणारी आग किंवा नसेला इजा झाल्यावरचा ठणका यांत त्वचेखाली दिलेल्या इंजेक्शनांनी काहींना आराम पडतो. तज्ज्ञांच्या शिफारशींत मात्र हा उपचार इतर औषधांनंतर, तिसऱ्या फळीत येतो. पक्षाघातानंतर आखडलेल्या हातापायांत तो स्नायू सैल करतो आणि त्याबरोबर दुखणेही हलके होते. कंबरदुखी व स्नायूंतल्या दुखऱ्या गाठी यांबाबतचे पुरावे तोकडे किंवा परस्परविरोधी आहेत. तरीही तिथे इंजेक्शने सर्रास सुचवली जातात, हे योग्य नाही.

मान दुखणे, पापणी काही आठवडे खाली येणे, स्नायू अशक्त वाटणे हे नेहमीचे दुष्परिणाम. क्वचित परिणाम दूरवर पसरून गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतो. २००९ पासून अमेरिकेत औषधाच्या माहितीपत्रकावर हा इशारा ठळक छापला जातो. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायू दुबळे करणारा आजार असेल, गर्भारपण असेल, किंवा जेंटामायसिनच्या गटातले प्रतिजैविक चालू असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावे. एका कंपनीच्या औषधाचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाबरोबर जुळत नाही, म्हणून उपचाराच्या कागदावर मात्रेच्या आकड्याशेजारी औषधाचे व्यापारी नावही लिहून घ्यावे. पुढची फेरी दुसऱ्या डॉक्टरांकडे झाली तर त्याच नावावरून मात्रा ठरते.