श्याओ छाय हू थांग

पारंपरिक चिनी वैद्यकातील सात द्रव्यांचा काढा. ‘छाय-हू’ हे त्यातील मुख्य मुळाचे नाव, ‘थांग’ म्हणजे काढा आणि ‘श्याओ’ म्हणजे लहान. ‘दा’ म्हणजे मोठा छाय-हू काढा वेगळा. त्यात रेवाचिनी असते आणि भर पोट साफ करण्यावर असतो. जपानमध्ये लहान काढ्याला ‘शो-साइको-तो’ म्हणतात.

या काढ्याची कृती हान राजवटीच्या अखेरीस, इ. स. २०० च्या सुमारास होऊन गेलेल्या झांग झोंगजिंग या वैद्याच्या ‘शांग हान लुन’ ग्रंथात आहे. थंडीच्या बाधेने येणारे ज्वर हा ग्रंथाचा विषय. आपल्या कुळात दोनशेहून अधिक माणसे होती, दहा वर्षांच्या आत त्यांतील दोन तृतीयांश दगावली आणि दगावलेल्यांपैकी दहात सात याच ज्वराने गेली, असे प्रस्तावनेत म्हटले आहे. पुढची कोरडी, नेमकी सूत्रे वाचताना ही घरातली मरणे मनातून जात नाहीत. आज वापरात असलेला पाठ चीनमधील सोंग राजवटीच्या दरबारी संपादकांनी १०६५ मध्ये छापून घेतलेल्या प्रतीवर आधारलेला आहे.

छाय-हू आणि ह्वांग-छिन ही दोन कडू मुळे काढ्याचा कणा आहेत. बान-श्या हा सुरणाच्या कुळातला छोटा कंद उलटी थांबवतो, असे मानतात. जिनसेंग, मधात परतलेले ज्येष्ठमध, ओले आले आणि बारा लाल चिनी बोरे ही उरलेली चार द्रव्ये पोट सांभाळतात आणि अंगात ताकद राखतात. ज्येष्ठमध आणि आले मराठी घराला नवे नाही. चिनी बोरही आपल्या बोराच्याच जातकुळीतले, फक्त वाळवलेले आणि खारकेसारखे सुरकुतलेले. हल्ली महागड्या जिनसेंगऐवजी बहुधा दांग-शन हे दुसरे मूळ घालतात.

काढण्याची रीत लक्षात ठेवण्याजोगी आहे. हान काळाची मापे आजच्या मापांत बसवली, तर साधारण २.४ लिटर पाण्यात द्रव्ये उकळून पाणी निम्मे करायचे, चोथा गाळून टाकायचा आणि उरलेले पाणी पुन्हा चुलीवर ठेवून ६०० मिलिलिटरपर्यंत आटवायचे. मग दिवसातून तीन वेळा, दर वेळी सुमारे २०० मिलिलिटर, कोमट प्यायचे. चोथा काढल्यावर पुन्हा आटवणे ही या काढ्याची खूण आहे. मात्रेविषयी मात्र एकमत नाही. मूळ पाठात छाय-हू आठ ल्यांग (वजनाचे जुने माप) आहे. हान काळचा ल्यांग १४-१५ ग्रॅमचा धरला तर हे मूळ शंभर ग्रॅमच्या वर जाते. नंतरच्या वैद्यांनी त्याचा हिशोब बराच कमी धरला. जपानी अर्कात दिवसाला सात ग्रॅम छाय-हू असते.

ज्वर शरीराच्या बाहेरच्या थरात असला तर घाम काढायचा, आत उतरला असला तर कोठा साफ करायचा, ही या ग्रंथाची साधी वाट. पण अर्धा बाहेर, अर्धा आत अडकलेल्या ज्वराला दोन्ही उपाय बाधतात. या अवस्थेला ‘शाओयांग’ म्हणतात आणि तिच्यावरचा उपाय म्हणजे मेळ घालणे. हुडहुडी ओसरते तोच अंग तापते, ताप उतरतो तोच पुन्हा हुडहुडी भरते. बरगड्यांखाली दाटून येते, अन्नावरची वासना उडते, जीव कासावीस होतो, उमासे येतात, तोंड कडू पडते, घसा कोरडा होतो, गरगरते. यांतील सगळी लक्षणे दिसायलाच हवीत असे नाही, एक असले तरी पुरे, असे मूळ सूत्र सांगते. या मोकळिकीमुळेच काढ्याचा वापर पसरला: रेंगाळलेला फ्लू, पाळीच्या दिवसांत आलेला ताप, यकृताचे विकार. २०२० मध्ये चीनमध्ये कोविडच्या रुग्णांना दिलेल्या ‘छिंगफेई पायदू’ या मिश्र काढ्याचा एक पायाही हाच होता.

जपानमध्ये श्याओ छाय हू थांग दीर्घकालीन हिपॅटायटिसवर मोठ्या प्रमाणात दिला गेला. लिव्हर सिरॉसिसच्या २६० रुग्णांवरील, १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने यकृताचा कर्करोग कमी होण्याची आशाही दाखवली. पण एवढ्यावर खात्रीने बोलता येत नाही. त्याच सुमारास फुप्फुसांच्या ऊतींना सूज येण्याच्या, म्हणजे इंटरस्टिशियल न्यूमोनियाच्या घटना पुढे आल्या. इंटरफेरॉन या हिपॅटायटिसवरच्या औषधाबरोबर हा काढा देण्यास १९९४ मध्ये मनाई झाली. तरी मार्च १९९६ मध्ये जपानी आरोग्य खात्याला तातडीचा इशारा काढावा लागला: १९९४ पासून ८८ रुग्णांना हा न्यूमोनिया झाला होता, त्यांतील १० दगावले. पुढे सिरॉसिस आणि यकृताचा कर्करोग असलेल्यांनाही तो वर्ज्य ठरला.

लक्षणे न पाहता केवळ रोगाच्या नावावरून काढा दिल्याने हे घडले, असे पारंपरिक वैद्यकाचे अनेक जाणकार म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण पुरेसे नाही. लक्षणे चपखल जुळली तरी अशी प्रतिक्रिया येऊ शकते. काढा सुरू असताना कोरडा खोकला, धाप किंवा ताप आला तर तो तिथेच थांबवून डॉक्टरांकडे जावे आणि काढ्याचे नाव सांगावे.

ज्येष्ठमधाने रक्तातील पोटॅशियम घटते, रक्तदाब चढतो, पायांवर सूज येते. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा डिगॉक्सिन हे हृदयाचे औषध घेणाऱ्यांना हा धोका अधिक. ह्वांग-छिनमुळे क्वचित यकृतालाच इजा होते. कच्चे बान-श्या तोंड आणि घसा जाळते. आले, तुरटी किंवा चुना वापरून शुद्ध केलेलेच घेतात. छाय-हू शरीर कोरडे पाडते, असा इशारा चीनमधील नंतरच्या वैद्यांनीही दिला आहे.

छाय-हूमध्ये भेसळीचे भय आहे. मोठ्या पानांच्या जातीचा भूमिगत खोडाचा भाग विषारी असून चीनच्या औषधकोशाने तो वापरण्यास मनाई केली आहे. त्याच्या पृष्ठभागावर एकमेकांना लागून दाट वलये असतात. हातात घेऊन पाहिले की ओळखता येतो. पूड किंवा दाणेदार अर्क घेतला तर ही वलये दिसत नाहीत, आणि मुळाची पारख सर्वस्वी बनवणाऱ्यावर सोपवावी लागते.