जंबो कोळंबीचे रोग: जिवाणूंच्या आधी पाण्याची गोष्ट

गोड्या पाण्यातली म्हणून विकली जाणारी जंबो कोळंबी लहानपणी मचूळ पाण्यावरच जगते. हे १९६१च्या सुमारास उलगडलं. मलेशियात पेनांगला काम करणारे मत्स्यशास्त्रज्ञ शाओ-वेन लिंग यांची अंड्यांतून निघालेली पिल्लं काही दिवसांत मरत. वैतागून त्यांनी पाण्यात खारट सोया सॉस ओतून पाहिला आणि पिल्लं खाऊ लागली, असा किस्सा सांगतात. पुढे हवाईत ताकुजी फुजिमुरांनी बीज मोठ्या प्रमाणावर काढायची पद्धत बसवली आणि हॅचरीचा, म्हणजे पिल्लं तयार करून विकायचा, धंदा उभा राहिला.

आता हॅचरीची टाकी डोळ्यांसमोर आणा: कोमट मचूळ पाणी, दाटीवाटीची पिल्लं, तळाशी उरलेलं खाद्य. व्हिब्रिओ जिवाणूंना आणखी काय हवं?

तळ्यातला जुना, ओळखीचा रोग म्हणजे काळे ठिपके. निळ्या नांग्यांचे नर भांडतात, कवचाला ओरखडा पडतो. गाळात एरवीही असणारे एरोमोनास, स्यूडोमोनास हे जिवाणू तिथून कवच पोखरू लागतात. काळा रंग मात्र जिवाणूंचा नव्हे, तो कोळंबीनंच जखमेत भरलेल्या मेलॅनिनचा. ठिपका वरवरचा असेल तर कात टाकताना जुन्या कवचाबरोबर निघून जातो. खोल गेला तर जुनं कवच नव्याला चिकटतं आणि कोळंबी अर्ध्या कातीत मरते.

तैवानमध्ये १९९०च्या दशकात स्नायू पांढरे पडून कोळंबी मरू लागली. त्यामागे लॅक्टोकोकस गार्व्हिए हा जिवाणू निघाला. तिथल्या संशोधकांनी मग नेमका प्रश्न विचारला: तोच जिवाणू टोचून पाण्याची स्थिती बदलली तर? अमोनिया किंवा नायट्राइट वाढलं, तापमान ३३-३४ अंशांवर गेलं, की कोळंबीची प्रतिकारशक्ती खालावून मर वाढत होती. माझ्या मते या विषयातलं सर्वांत कामाचं उत्तर हेच.

आंध्रात पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूनं १९९४-९५ मध्ये टायगर कोळंबी झोपवल्यावर नेल्लोरकडचे शेतकरी जंबोकडे वळले. २००५ मध्ये देशाचं उत्पादन ४२ हजार टनांवर गेलं, मग कोसळलं. त्यात पांढऱ्या शेपटीच्या विषाणूचा, निकृष्ट बीजाचाही वाटा होता. सगळं जिवाणूंच्या माथी मारता येत नाही.

तळ्यात ऑक्सिजन सर्वांत कमी असतो तो पहाटे. रात्रभर शेवाळ आणि कुजणारं खाद्य तो वापरतात. उजाडताना कोळंबी काठाला येऊन टेकलेली दिसते. ऊन चढलं की ती पुन्हा खाली जाते. काळे ठिपके दिसतात काही दिवसांनी, आणि तेव्हा शेतकरी औषधाच्या दुकानात जातो.