डायल-अप मेलबॉक्स आणि धंद्याच्या मोठ्या फायली

डायल-अप मेलबॉक्स नेटवर्क म्हणजे साध्या टेलिफोन लाइनवरून मोडेमने (कॉम्प्युटरचा डेटा फोनवरच्या आवाजात बदलणाऱ्या यंत्राने) एका मध्यवर्ती कॉम्प्युटरला फोन लावायचा, तिथे आपल्या खात्यातून समोरच्याच्या नावाने फाइल टाकायची आणि फोन ठेवून द्यायचा. समोरचा त्याला सवड होईल तेव्हा त्याच कॉम्प्युटरला, किंवा त्याला जोडलेल्या त्याच्या गावातल्या कॉम्प्युटरला, फोन लावून ती फाइल उतरवून घेणार. अमेरिका-युरोपात हे १९८० च्या दशकात धंद्यासाठी रुळलं, मुंबईत साधारण १९९० नंतर, आणि इंटरनेट आवाक्यात येईपर्यंत ते चाललं. ही नोंद मुद्दाम मोठ्या फायलींबद्दल आहे, कारण दोन ओळींचा निरोप कसाही जायचा, खरी परीक्षा असायची ती एखाद-दोन एमबीची फाइल पाठवताना.

मोठी म्हणजे किती, ते आधी बघू. मोडेमवर एक अक्षर पाठवायला साधारण १० बिट लागतात (८ अक्षराचे, एक सुरुवातीचा, एक शेवटचा), म्हणजे सेकंदाला २४०० बिट पाठवणाऱ्या मोडेमवर सेकंदाला २४० अक्षरं. १.४४ एमबीची एक भरलेली फ्लॉपी पाठवायची तर या हिशोबाने एक तास चाळीस मिनिटं लागतात, ९६०० वर सुमारे २५ मिनिटं, १४,४०० वर १७. आणि हे सगळं लाइन एकदाही न अडखळता चालली तर. आता अंधेरीच्या सीप्झ या निर्यात क्षेत्रातून दहा फ्लॉप्या घेऊन निघालेला ऑफिसबॉय चर्चगेटची लोकल पकडून दीड-दोन तासांत फोर्टात पोचतो आणि तेवढाच माल ९६०० च्या मोडेमवर चार तासांहून जास्त खातो, त्यामुळे मुंबईतल्या मुंबईत मोठ्या फायलींसाठी मेलबॉक्स वापरणं हा बहुतेक वेळा शुद्ध वेडेपणा होता हे मोकळेपणाने सांगायला हवं. पुण्याला जायचं असेल तरी डेक्कन क्वीनने जाणारा माणूस गाठून त्याच्या हातात पाकीट देणं सोयीचं पडायचं. मेलबॉक्स कामाला यायचा तो लांबच्या गावासाठी आणि परदेशासाठी, जिथे दुसरा पर्याय म्हणजे एअर कुरिअर, त्याचे दोन-चार दिवस आणि वर कस्टम्स. त्यात पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत फ्लॉपीला बुरशी धरायची, म्हणजे पाकीट वेळेवर पोचलं तरी आतला डेटा वाचता येईलच असं नाही.

दुसरा फायदा वेळेचा. मुंबईत संध्याकाळचे सहा वाजतात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे साडेसात किंवा साडेआठ झालेले असतात. थेट मोडेम-टू-मोडेम फाइल पाठवायची तर दोन्हीकडे माणूस हजर पाहिजे, दोन्ही मशीन चालू पाहिजेत, आणि तेवढा वेळ आयएसडीचं, म्हणजे परदेशी फोनचं, मीटर पळतंय. मेलबॉक्समध्ये आपण आपल्या गावात फोन लावायचा, पुढचा प्रवास नेटवर्क करणार. मला वाटतं धंद्याच्या लोकांनी हे प्रकरण स्वीकारलं ते वेगापायी नाही, या सोयीपायी.

मुंबईत कुठून काय सुरू झालं

शहरात या तंत्राची सुरुवात कॉलेज-संशोधनवाल्यांनी केली. १९८६ मध्ये अर्नेट प्रकल्प सुरू झाला, जुहूचं एनसीएसटी हे सरकारी सॉफ्टवेअर संशोधन केंद्र आणि पवईचं आयआयटी हे त्यातले मुंबईचे दोन खांब, आणि त्यांच्यात डायल-अपवर यूयूसीपी पद्धतीने मेल फिरायला लागली. यूयूसीपी म्हणजे एक कॉम्प्युटर दुसऱ्याला फोन लावतो, साठलेला माल देतो-घेतो आणि फोन ठेवतो, बेल लॅब्समध्ये १९७० च्या दशकात तयार झालेली पद्धत. पण अर्नेट हे शिक्षण-संशोधनासाठी, धंद्याचा माल त्यावरून पाठवायला मुभा नव्हती.

धंद्यासाठी व्हीएसएनएल या सरकारी परदेश-दूरसंचार कंपनीची जेम्स-४०० ही सेवा आली, जी ई-मेलच्या एक्स.४०० या आंतरराष्ट्रीय मानकावर चालायची. पुढे खासगी ई-मेल कंपन्यांनाही परवाने मिळाले. गिऱ्हाईक कोण, तर बॅलार्ड इस्टेटमधल्या शिपिंग कंपन्या, निर्यातदार, बँका, सॉफ्टवेअरवाले. त्यातल्या बऱ्याच जणांकडे आधीपासून टेलेक्स (टाइप केलेला निरोप तारेवरून पाठवायचं यंत्र) होता आणि मेलबॉक्समधून थेट टेलेक्स किंवा फॅक्सवर निरोप पाठवता यायचा, हे त्यांना पटवायला सोपं गेलं. एक्स.४०० चा पत्ता मात्र भयंकर लांब, देश वेगळा, सेवा देणारी कंपनी वेगळी, संस्था वेगळी, आडनाव वेगळं, प्रत्येकासाठी वेगळा रकाना, एक रकाना चुकला की फाइल परत.

याच्या जोडीला हौशी लोकांचे बीबीएस होते, म्हणजे घरच्या पीसीला मोडेम लावून रात्रभर चालवलेली सार्वजनिक मेलबॉक्सं. मुंबईत लाइव्ह वायर हा त्यातला नावाजलेला. फिडोनेट या १९८४ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या जाळ्यामार्फत असे बीबीएस रात्री एकमेकांना फोन लावून मेल पुढे ढकलायचे. रात्री का, तर भारतात रात्री अकरानंतर एसटीडीचा, म्हणजे परगावच्या फोनचा, दर पाव व्हायचा आणि लाइनही मोकळ्या मिळायच्या. कायद्याच्या बाजूने सगळं १८८५ च्या तार कायद्याखाली यायचं. १९९४ च्या सुमाराला बीबीएसवरही भलीमोठी परवाना फी लावायचा विचार सरकारी पातळीवर झाला, तेव्हा या लोकांनी जोरदार विरोध केला आणि तो योग्यच होता, पदरमोड करून फुकट सेवा देणाऱ्यावर असा बोजा कशाला?

लाइन तुटली तर काय

फाइल पाठवणं म्हणजे प्रत्यक्षात काय होतं ते जरा जवळून बघू. संध्याकाळी ऑफिसातले बाकीचे गेले की फोनचा एक्स्टेन्शन काढून ठेवायचा, कारण कोणी मधेच रिसीव्हर उचलला की कनेक्शन गेलंच. मग टेलिक्स किंवा प्रोकॉमसारखा मोडेम चालवणारा प्रोग्राम उघडून एटीडीटी (टोनने फोन लाव हा हुकूम) आणि पुढे नंबर टाइप करायचा. तुमच्या भागात जुनं एक्सचेंज असेल तर टोन चालायचा नाही, तिथे एटीडीपी, मग मोडेम एकेक आकडा कट-कट-कट करत फिरवणार. एंगेज आला की पुन्हा, परत एंगेज की पुन्हा. लागला की किंचाळी, खरखर, मग स्क्रीनवर कनेक्ट आणि वेगाचा आकडा. लॉगिन, पासवर्ड, अपलोड, प्रोटोकॉल (फाइल देण्या-घेण्याची ठरलेली पद्धत) कोणता ते निवडा, आणि मग एक छोटी चौकट उघडते ज्यात किती बाइट गेले, सेकंदाला किती जातायत आणि किती चुका झाल्या एवढंच दिसतं, नजर सगळी त्या चुकांच्या आकड्यावर. पावसाळ्यात केबलमध्ये पाणी शिरलं की तो आकडा वाढायला लागतो, आणि मग एका क्षणी स्क्रीनवर येतं, नो कॅरिअर, म्हणजे लाइन तुटली.

इथून पुढे काय होणार ते प्रोटोकॉलवर ठरायचं. सगळ्यात जुना एक्स-मोडेम, वॉर्ड ख्रिस्टेन्सन यांनी १९७७ मध्ये लिहिलेला. तो १२८ बाइटचा तुकडा पाठवतो, समोरून पोचल्याची खूण येईपर्यंत थांबतो, मग पुढचा तुकडा. गावातल्या गावात ठीक, पण मधे उपग्रह किंवा पॅकेट नेटवर्क (डेटा तुकड्या-तुकड्यांनी पुढे पाठवणारं जाळं) आलं की प्रत्येक तुकड्यानंतरच्या त्या थांबण्यात निम्मा वेळ फुकट जायचा. लाइन तुटली तर पुन्हा पहिल्यापासून. चक फोर्सबर्ग यांचा झेड-मोडेम १९८६ मध्ये आला, तो मुळात टेलेनेट या अमेरिकन पॅकेट नेटवर्क कंपनीसाठीच बनवलेला. तो थांबत नाही, तुकडे सलग पाठवत राहतो, चूक झाली तर समोरचा सांगतो की अमुक बाइटपासून परत दे. आणि लाइन तुटली तर पुन्हा फोन लावल्यावर समोरची अर्धवट फाइल किती आली आहे ते विचारून तिथूनच पुढे सुरू करतो. मोडेमच्या वेगाची जाहिरात सगळ्यांनी केली, पण मुंबईच्या लाइनवर मोठी फाइल खरोखर पोचवली ती या एका सोयीने, १४,४०० च्या मोडेमवरच्या एक्स-मोडेमपेक्षा ९६०० वरचा झेड-मोडेम मी केव्हाही निवडीन.

जिथे झेड-मोडेम नव्हता तिथे फाइलचे तुकडे करायचे. एआरजे नावाचा प्रोग्राम यासाठी फार वापरात होता, तो फाइल दाबून लहान करायचा आणि सांगाल त्या मापाचे तुकडे पाडायचा, पहिल्याचं एक्स्टेन्शन एआरजे, पुढचे ए०१, ए०२ असे. एखादा तुकडा बिघडला तर तेवढाच परत मागवायचा. दाबण्याचा फायदा नगद होता, कारण या सेवा बऱ्याचदा हजार अक्षरांमागे पैसे लावायच्या. फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रामच्या डीबीएफ फायली रिकाम्या जागांनी भरलेल्या असल्यामुळे झिप केल्या की प्रचंड आकसायच्या. उलट आधीच झिप केलेली फाइल मोडेमच्या एमएनपी-५ कॉम्प्रेशनमधून पाठवली तर ती थोडी फुगायची, म्हणून जाणकार ते बंद करून ठेवायचे.

आठवा बिट, आणि मराठी

मेलबॉक्समध्ये फाइल म्हणून टाकलेला माल जसाच्या तसा जातो, पण तीच फाइल मेलच्या मजकुरात घालून दुसऱ्या नेटवर्कवर पाठवली की भानगड व्हायची. जुनी मेल यंत्रणा फक्त ७ बिटांच्या अक्षरांची, वाटेतला एखादा कॉम्प्युटर आठवा बिट उडवून टाकायचा. इंग्रजी पत्राला त्याने काहीच होत नाही, मराठीचा मात्र पार चुथडा होतो, आणि हे मुंबईत मराठीतून काम करणाऱ्यांना नीट समजून घ्यावं लागलं. भारतीय लिप्यांसाठीच्या १९९१ च्या इस्की मानकात आपली सगळी अक्षरं १२८ च्या वरच्या आकड्यांवर बसवलेली आहेत. क चा आकडा १७९. वरचा, म्हणजे आठवा, बिट गेला की १२८ वजा होऊन राहतात ५१, आणि ५१ म्हणजे इंग्रजीतला ३ हा अंक. ख चा ४ होतो, ग चा ५. म्हणजे समोर उघडलेलं पान रिकामं नसतं, अंक आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी असते, आणि ज्याला कारण माहीत नाही तो फाँट शोधत बसतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या मराठी फाँटांचे कोड तर आणखी वेगळे, म्हणून पेजमेकर या पानं मांडायच्या प्रोग्रामच्या फायलीबरोबर कोणता फाँट वापरला तेही कळवावंच लागायचं.

यावरचा उपाय यूयूएनकोड. तीन बाइटची चार साधी अक्षरं करायची, म्हणजे वाटेत काही उडायला शिल्लकच नाही, पण फाइल तिसऱ्या हिश्शाहून जास्त वाढते. त्यात कित्येक गेटवे (दोन नेटवर्क जोडणारे कॉम्प्युटर) ६४ केबीच्या वरचा संदेश पुढे सोडायचे नाहीत, म्हणून आधी झिप, मग यूयूएनकोड, मग तुकडे, आणि समोरच्याने हे सगळं उलट्या क्रमाने. प्रत्येक तुकड्याच्या विषयात ७ पैकी ३ असं लिहायची शिस्त पाळली नाही की समोरच्याचा दिवस वाया.

पोचल्याची खात्री हाही धंद्यात मोठा भाग. एक्स.४०० मध्ये संदेश समोरच्या खात्यात पडल्याचा अहवाल आणि तो उघडल्याची पावती, दोन्ही मागता यायचे. टेलेक्सला ज्या कारणासाठी मान होता त्याच कारणासाठी हिशोबवाल्यांना हे आवडलं. खरेदीची ऑर्डर, बिल, बिल ऑफ लेडिंग (जहाजावर माल चढवल्याची पावती) ठरावीक साच्यात पाठवायची ईडीआय पद्धतही अशाच मेलबॉक्सांवर उभी राहिली.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वांसाठी इंटरनेट खुलं केलं. सुरुवातीला मोडेम कमी आणि गिऱ्हाईकं जास्त, लाइन लागता लागायची नाही, त्यामुळे मेलबॉक्स लगेच बंद पडले नाहीत. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने खासगी कंपन्या आल्या, दर उतरले, आणि मग स्वतंत्र मेलबॉक्स सेवांचं गिऱ्हाईक ओसरलं. फायली जोडायचं काम माइम या १९९२ च्या मानकाने उचललं, पण त्यातलं बेस-६४ सुद्धा तीन बाइटची चार अक्षरंच करतं, म्हणून मेलला जोडलेली फाइल वाटेत आजही सुमारे तिसऱ्या हिश्शाने फुगते.